रिपुंजयाची धनुर्वीणा

एका राज्यात रिपुंजय नावाचा धनुर्धर होता. उडत्या पाखराच्या चोचीतली काडी तो बाणाने उडवी आणि पाखराला वारासुद्धा लागत नसे. राजा सुकेतू त्याला दरबारात आपल्या उजव्या हाताला बसवी. तो रस्त्याने निघाला की माणसे वाट देत, आणि सैन्यात नवे भरती झालेले लोक त्याच्या अंगठ्यावरचा घट्टा बघायला येत.

त्याच राज्यात, राजवाड्याच्या तळघरात, एक खजिना होता. सुकेतूच्या आजाने तो एका मांत्रिकाकडून लुटून आणला होता. मांत्रिकाने शाप दिला, आणि तेव्हापासून रोज दिवेलागणीला खजिना माणसांना हाका मारू लागला. ज्याला हाक येई त्याला ती आपल्या जिवलगाच्या आवाजात येई. हाकेमागून जो तळघरात उतरे, तो अंगठ्याएवढी सोन्याची बाहुली होऊन ढिगात पडे. खजिना असा वाढत असे.

त्याला निजवायचा एकच उपाय होता. सांजवेळी तळघराच्या दाराशी बसून धनुर्वीणा वाजवायची. धनुर्वीणा म्हणजे धनुष्यासारखे वाकवलेले लाकूड, खाली भोपळा, आणि टोकापासून टोकापर्यंत आखूड होत गेलेल्या सात तारा. ती मांडीवर उभी धरायची आणि दोन्ही हातांच्या बोटांनी छेडायची. राज्यात हे वाद्य एकाच बाईला येत होते. तिचे नाव कालिंदी. लहानपणी ती आपल्या आईमागून त्या दाराशी बसली, आणि केस पिकले तरी तिची एक सांज चुकली नव्हती. ती वाजवी, सोने निजे, आणि नगरातली माणसे निवांत दिवे लावीत. इतकी निवांत, की आपण कशामुळे निवांत आहोत याचा बहुतेकांना विसर पडला होता.

दरवर्षी वसंतोत्सवात कालिंदीबाई राजवाड्याच्या अंगणात वीणा वाजवीत. त्यांच्या माथ्यावर उंच काठीला दोऱ्याने फुलांची परडी टांगलेली असे. धून संपत आली की रिपुंजय लांबून बाण सोडी, दोरा तुटे, आणि फुले बाईंच्या अंगावर पडत. लोक त्या क्षणाची वर्षभर वाट बघत.

त्या वर्षी रिपुंजयाच्या डोळ्यांवर साय धरली होती. पन्नाशी दाराशी आली होती. लांबचा माणूस त्याला चालीवरून ओळखावा लागे. घरात हे सगळ्यांना ठाऊक होते. त्याची बायको चारुमती उत्सवाच्या सकाळी म्हणाली, "या वर्षी दुसऱ्या कुणाला सोडू द्या बाण."

"दोरा मला दिसतो," रिपुंजय म्हणाला.

दोरा त्याला दिसत नव्हता. त्याने आठवणीवर बाण सोडला. परडी हललीसुद्धा नाही. बाण खाली आला, वीणेचे लाकूड फोडून कालिंदीबाईंच्या उजव्या तळव्यातून आरपार गेला.

राजा सिंहासनावरून उठला. "रिपुंजय, दोरा दिसत होता?"

"नाही, महाराज."

"मग बाण का सोडलास?"

रिपुंजयाने धनुष्य खाली केले. सगळे अंगण त्याच्याकडे बघत होते, आणि त्याला त्यांचे चेहरे दिसत नव्हते. पण ते आपल्याकडेच वळले आहेत हे त्याला नीट कळत होते. राजाने त्याला शिक्षा दिली नाही. दिली असती तर त्याला मान वर करायला जागा उरली असती.

त्या सांजेला वीणा वाजली नाही. खजिना जागा झाला. राजाची एकुलती लेक इंदुलेखा आपल्या मेलेल्या आईची हाक ऐकून पायऱ्या उतरली ती परत आली नाही. त्याच सांजेला कुंभारवाड्यातून, माळीवाड्यातून, सैनिकांच्या वस्तीतून माणसे चालत आली आणि तळघरात उतरली. दुसऱ्या दिवसापासून नगराने नवी रीत धरली. ऊन कलले की माणसे एकमेकांना घराच्या खांबांना बांधून घेत आणि पूर्ण अंधार पडला, हाका थांबल्या, की गाठी सोडीत. दरबारच्या गवयांनी दाराशी बसून सतार वाजवली, बासरी वाजवली. खजिना आतून खळखळून हसला. एक बासरीवाला हसणे ऐकत ऐकतच आत गेला.

मग एके सकाळी दरबाराच्या कमानीवर एक तांबट पक्षी येऊन बसला. हिरवा, मुठीएवढा, कपाळावर तांबडा टिळा. टुक टुक टुक असा ठोका धरून तो माणसाच्या भाषेत बोलू लागला.

"मी मांत्रिकाचा पक्षी. शाप मोडायची वाट आहे. ज्या हाताने वीणा मुकी केली त्याच हाताने ती बोलली पाहिजे; दुसऱ्या कुणाच्या वाजवण्याने खजिना आता निजणार नाही. कामे तीन. रिपुंजयाचे धनुष्य वीणेसाठी द्यावे, हे पहिले. त्याच्या बाणापायी ज्या घरांतले माणूस सोन्यात गेले, अशा सात घरांच्या दारात उभे राहून त्याने मागे उरलेल्याच्या डोक्याचा एकेक केस मागावा, त्याच्या तारा होतील, हे दुसरे. कुणी नाही म्हटले तर पुढे जावे. आणि तिसरे, त्याने सांजेची धून शिकावी आणि खजिन्याच्या मधोमध बसून ती पुरती वाजवावी."

रिपुंजय म्हणाला, "माझे वय झाले."

"वय विचारलेले नाही," तांबट म्हणाला.

"शिकवणार कोण?"

दरबार हळूहळू एका कोपऱ्याकडे वळला. तिथे कालिंदीबाई बसल्या होत्या. हात गळ्यात बांधलेला होता. जखम भरली तरी दोन बोटे पुन्हा वळणार नाहीत असे वैद्याने सांगितले होते.

"शिकवीन," त्या म्हणाल्या. त्यांनी रिपुंजयाकडे पाहिले नाही.

आता खरे तर त्याने त्याच दिवशी धनुष्य द्यायला हवे होते. पण घरी येऊन तो ते खुंटीवरून काढी, मांडीवर घेई, आणि परत खुंटीला लावी. सकाळी म्हणे उद्या, उद्या म्हणे परवा. त्या धनुष्याखेरीज आपण कोण, हे त्याला सांगता आले नसते. उत्सवापासून रिपुंजय घरात मोठ्याने बोललाच नव्हता. काही हवे असले तर पुटपुटे, नाहीतर बोटाने दाखवी.

असेच एका सांजेला दोघे समोरासमोरच्या खांबांना बांधलेली होती. चारुमतीने त्याला नेहमीप्रमाणे घट्ट बांधले होते, आणि मग स्वतःची गाठ स्वतःच दातांनी ओढली होती. अचानक तिने मान वर केली.

"तुम्ही हाक मारलीत?"

"मी तुझ्या समोर आहे," तो पुटपुटला.

तिने त्याच्याकडे पाहिले, मग दाराकडे पाहिले. आणि रिपुंजयालाही बाहेरचा आवाज ऐकू आला, कारण तो त्याचाच होता. भरदार, खणखणीत, तरणाताठा. लढाईहून परत आल्यावर तो अंगणातून जशी हाक मारी, तसाच. "चारुमती! अगं, बाहेर ये!"

चारुमतीने मनगटे वळवून गाठ सोडवली. डोळे पुसले. आणि ती निघून गेली. रिपुंजयाने दोर दातांनी तोडला तोवर रस्ता रिकामा झाला होता.

त्याने धनुष्य खुंटीवरून काढले आणि दुसऱ्या दिवशी नगराच्या दारोदार निघाला.

राजाने आपल्या डोक्याचा केस उपटला, पण त्याच्या हातात दिला नाही. उंबऱ्यावर ठेवला आणि पाठ फिरवली. कुंभारवाड्यात एका बाईने त्याला बघून दार लावून घेतले. तो उन्हात उभा राहिला. दुपारी ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, त्याच्या समोर सावकाश सगळे पाणी प्याली, मग एक केस त्याच्या पायाशी टाकून आत गेली. सैनिकांच्या वस्तीत ज्याचा भाऊ गेला होता त्या सैनिकाने सवयीने त्याला मुजरा केला. मग काय केले ते त्याच्या ध्यानात आले आणि त्याचा हात अर्ध्यातून खाली आला. तो हात खाली येताना रिपुंजयाला जे वाटले ते शिव्या खातानाही वाटले नव्हते. माळीवाड्यातली म्हातारी मात्र म्हणाली, "एकच कशाला, मूठभर ने," आणि तिने त्याचे डोके कुरवाळले. तिचा मुलगा गेला होता. रिपुंजय तिथून पळतच निघाला.

कितीक घरांनी नाही म्हटले. केस सहा जमले, सातवा काही मिळेना. सगळे नगर पालथे घालून तो एका भिंतीपाशी बसला, तेव्हा तांबट डोक्यावरच्या फांदीवरून म्हणाला, "एक घर राहिले."

रिपुंजय उठला आणि आपल्या घराच्या दारात जाऊन उभा राहिला. आत कुणी नव्हते. तरी रीत म्हणून त्याने उंबऱ्याबाहेरूनच केस मागितला. मग आपल्या डोक्याचा एक केस ओढून काढला. तो पांढरा होता.

मांत्रिक वेळूच्या बनात राहत असे. तांबटाने त्याला तिथे नेले. रिपुंजयाने कुणी उग्र पुरुष कल्पिला होता. निघाला तो खोकणारा, वाकलेला म्हातारा, चुलीपुढे हात शेकत बसलेला. त्याने धनुष्य उचलून धुरावर धरले, तसे ते ओल्या फांदीसारखे आणखी वाकले. त्याने केस चातीला लावून फिरवले, तशा त्यांच्या तारा झाल्या, जाड, बारीक, जशा हव्या तशा.

"शाप देतानाच उःशाप सांगून ठेवायचा असतो," मांत्रिक चातीकडे बघत म्हणाला. "तेव्हा रागात होतो. राहून गेला. नंतर किती खटपट केली, पण शाप मला परत घेता येईना. म्हणून सोन्याला निजवणारी धून केली आणि कालिंदीच्या पणजीला दिली. माझे नाव सांगू नकोस म्हणालो. लाज वाटत होती."

"मग आता मोडायची वाट कशी निघाली?"

"तुझा बाण वीणेतून गेला तेव्हा शापालाही भेग पडली. त्याचे श्रेय घेऊ नकोस."

"नाही घेणार," रिपुंजय म्हणाला.

वीणा घेऊन तो कालिंदीबाईंच्या घरी गेला. त्या ओसरीवर बसत आणि अंगणात आजूबाजूची मुले सूर ओळखायला शिकत. त्यांनी नवी वीणा हाताने चाचपली, खोळीत घातली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"हिला इतक्यात हात लावायचा नाही. शिकायला ही माझ्या आईची जुनी घे. आजवर मी तुम्हाला अहोजाहो करत आले. शिष्याला मी अरेतुरे करते. आणि एक ऐकून ठेव. मी तुला क्षमा केलेली नाही. उद्या उजाडता ये."

तो उजाडता गेला. बसताना त्याचा गुडघा कट्कन वाजला आणि मुले हसली. त्याने पहिली तार छेडली, तेव्हा दाराला नख घासावे तसा आवाज झाला आणि मुले आणखी हसली. ज्या घट्ट्यासाठी लोक त्याचा हात बघायला येत, तो घट्टाच सूर मारत होता. बाईंनी त्याला नदीतला खरखरीत दगड दिला आणि घट्टा घासायला सांगितला. घासता घासता अंगठ्यातून रक्त येई. दोन्ही हात एकाच वेळी वेगळे काही करू शकतात, हे त्याच्या बोटांना पटतच नव्हते. शेजारी बसलेल्या पोरांना जे दोन दिवसांत येई, ते त्याला पावसाळा संपला तरी येत नसे.

ओसरी रस्त्याला लागून होती. सैनिक येता जाता थबकत. कुणी हसत नसे, आणि ते हसण्याहून वाईट होते. एकदा तो म्हणाला, "बाई, मला आतल्या खोलीत शिकवाल का?"

कालिंदीबाई म्हणाल्या, "माझा हात अंगणात गेला. सगळ्यांसमोर. तू ओसरीवर शिकशील."

तो पुन्हा तसे बोलला नाही.

उजव्या हाताचे काम त्या डाव्या हाताने करून दाखवीत. कधीकधी धुनेच्या ओघात त्यांचा निकामी हात आपोआप उचलला जाई, तारांपर्यंत येई, आणि मग त्या तो पदराखाली घेत. तेवढा वेळ रिपुंजय जमिनीकडे बघे. चूक झाली की त्या एवढेच म्हणत, "मागे जा." तो सुरुवातीला जाई. पुन्हा चुके. "मागे जा." तांबट वाशावर बसून टुक टुक ठोका धरी आणि ठोका चुकला की चिडून गप्प बसे.

दिवस गेले, वर्षे गेली. नगर रोज सांजेला स्वतःला बांधून घेत राहिले. तरी एखादी गाठ सुटे आणि एखादे घर कमी होई. अशी बातमी आली की रिपुंजय दुसऱ्या सकाळी ओसरीवर मान खाली घालून येई आणि बाई त्या दिवशी जास्त वेळ शिकवीत. त्याच्या डोळ्यांवरची साय दाट झाली. उजेड आणि सावली एवढेच उरले. वीणेला डोळे लागत नव्हते.

आणि मग एका सकाळी एक गोष्ट झाली. सूर लावताना त्याची दोन बोटे दोन तारांवर एकदम पडली, आणि जो आवाज निघाला तो त्याला हवा तोच होता. त्याच्या दंडावर काटा उभा राहिला. लहान मुलासारखे हसू त्याच्या तोंडावर पसरले. बाणाने दोरा तोडतानाही त्याला असे सुख झाले नव्हते. लगेच त्याला समोरचा, पदराखालचा हात आठवला आणि हसू तिथेच विझले.

त्या दिवसापासून त्याला एक नवीच लाज वाटू लागली. जुनी लाज निदान लोकांना दिसत होती. ही कुणाला सांगण्यासारखी नव्हती. रोज पहाटे तो जागा होई तो वीणेच्या ओढीने. सोन्यात पडलेली बायको आधी आठवावी, बाईंचा हात आधी आठवावा, असे तो स्वतःला बजावी, आणि रोज आधी तार आठवे. चोरलेल्या ताटात जेवायला बसावे आणि घास गोड लागावा, तसे त्याचे झाले होते.

शेवटी एके दिवशी कालिंदीबाईंनी नवी वीणा खोळीतून काढून त्याच्या मांडीवर ठेवली. "धून येते तुला. आज जा."

"चुकलो तर?"

"चुकशीलच. पुरती वाजवायची आहे. न चुकता वाजव असे कुणी म्हटलेले नाही."

ऊन कलल्यावर, नगर गाठी बांधत असताना, तो पायऱ्या उतरला. तांबट दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. आत सोन्याचा उजेड होता, एवढा की त्यालाही तो दिसला. पायाखाली सोन्याच्या बाहुल्या सरकत होत्या. तो मधोमध बसला, वीणा मांडीवर उभी केली आणि पहिली तार छेडली.

खजिन्याने आधी त्याला गर्दीच्या आवाजात हाक मारली. "रिपुंजय! रिपुंजय!" उत्सवातले सगळे अंगण ओरडत होते. तो वाजवत राहिला. मग चारुमतीच्या आवाजात हाक आली, "उठा, घरी चला." त्याची बोटे थांबली नाहीत. आणि त्याच्या कानाशी अगदी हळू आवाजात कालिंदीबाई बोलल्या.

"रिपुंजया, मी तुला क्षमा केली. पुरे झाले. ठेव आता वीणा."

त्याचा हात तारांवरून घसरला. इतकी वर्षे तो याच शब्दांची वाट बघत होता. तारा घरघरल्या आणि सगळे सोने खळखळून हसू लागले. रिपुंजयाचे कान तापले, चेहरा जळू लागला, जसा त्या पहिल्या दिवशी मुलांसमोर जळला होता. उठून पळावे असे वाटले. पण असे वाटणे त्याला नवीन नव्हते. रोज सकाळी त्याला असेच वाटत आले होते, आणि रोज तो बसून राहिला होता.

"बाई असे बोलणार नाहीत," तो मोठ्याने म्हणाला. आणि मागे गेला.

त्याने धून पहिल्यापासून धरली. पुन्हा चुकला, पुन्हा मागे गेला. सोने हसत होते. मग कधीतरी ते हसणे त्याला ऐकू येईनासे झाले. तारेमागून तार येत होती. माळीवाड्यातल्या म्हातारीच्या केसाची तार मऊ बोलत होती, राजाच्या केसाची ताठ बोलत होती, आणि पुढच्या सुराला काय हवे आहे ते त्याच्या बोटांना आधीच कळत होते. आपण कशासाठी आलो हे तो विसरला. शाप विसरला, बाण विसरला. त्याला क्षमा नको होती, जयजयकार नको होता. हाक मारायला खजिन्याला त्याच्यात काही सापडेना. धून पुरी झाली, आणि ती पुरी झाल्याचे त्याला वाईट वाटले.

मग त्याच्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला.

तळघर माणसांनी भरले होते. कुंभार होते, माळी होते, बासरीवाला होता, सुकेतूच्या आजाच्या काळातल्या पागोट्यांचे लोकही होते. ते एकमेकांना विचारत होते, आज तिथी कोणती. राजकन्या इंदुलेखा डोळे चोळत पायऱ्या शोधत होती. आणि खांद्यावरचा हात चारुमतीचा होता. ती कधीपासून समोर उभी होती कोण जाणे. त्याला पत्ताच नव्हता.

"तुम्ही हाक मारलीत म्हणून आले होते," ती म्हणाली.

"तो मी नव्हतो, चारुमती."

"मला ठाऊक होते," चारुमती म्हणाली. "तरी गेले. तो आवाज ऐकून फार दिवस झाले होते."

रिपुंजयाने घसा साफ केला आणि पुटपुटता पुटपुटता आवाज मोठा करून, सगळ्या तळघरात ऐकू जाईल असे म्हटले, "चारुमती, घरी चल." आवाज पहिल्यासारखा खणखणीत नव्हता, मध्येच फाटला. ती त्याचा हात धरून निघाली.

शाप मोडला. उरलेले सोने साधे सोने झाले. राजा सुकेतूने ते गाड्यांवर घालून वेळूच्या बनात पाठवले. मांत्रिक झोपडीबाहेर आला, सोन्याकडे बघून आणखी वाकला, आणि म्हणाला, "नदीत टाका." ते नदीत टाकले गेले. नगरातल्या लोकांनी खांबांचे दोर सोडून विहिरींच्या रहाटांना लावले. दरबारात राजाने रिपुंजयाला बोलावून त्याची जुनी जागा दाखवली.

"बस. माझ्या उजव्या हाताला."

"महाराज, मी आता कशाचा धनुर्धर?"

"मग काय हवे ते माग."

जे हवे होते ते त्याला राजाजवळ मागता येत नव्हते. तो नमस्कार करून निघाला आणि कालिंदीबाईंच्या ओसरीवर गेला. मुले अजून आली नव्हती. त्याने वीणा त्यांच्यापुढे ठेवली आणि उभाच राहिला.

"बाई, काम झाले. आता ही वीणा वाजवायचे मला काही कारण नाही."

"नाही," कालिंदीबाई म्हणाल्या.

"तरी मला वाजवायची आहे." बोलताना त्याची मान खाली गेली. "तुमचा हात मोडून ही माझ्याकडे आली. तिचा मला जाच व्हायला हवा होता. मला सुख होते. तळघरात बायको समोर उभी होती आणि मला फक्त तार ऐकू येत होती. इतकी वर्षे हे तुमच्यापासून लपवले. मला स्वतःची घृणा येते."

रस्त्यावरून कुणीतरी गुरे घेऊन गेले.

"लपवलेस?" कालिंदीबाई म्हणाल्या. "ज्या सकाळी तू हसलास, ती सकाळ माझ्या ध्यानात आहे. त्या दिवशी मी जेवले नाही. बाणासाठी तुझा राग केला नसेल इतका त्या हसण्यासाठी केला. माझी बोटे गेली आणि माझे सुख तुझ्या बोटांत जाऊन बसले. मनात आले, उद्यापासून याला चुकीचे शिकवावे. याला कधीच येऊ नये."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी तू आलास, तीच जागा चुकलास, आणि माझ्या तोंडून 'मागे जा' निघून गेले." त्यांनी आपला निकामी हात पदराबाहेर काढून मांडीवर ठेवला. रिपुंजयाला तो धूसर दिसला. या वेळी त्याने मान वळवली नाही. "क्षमेचे मला विचारू नकोस. ते मला जमलेले नाही, आणि खोटे मी बोलणार नाही. पण आज कोळीवाड्यात बारसे आहे. पाळण्याशी वीणा हवी म्हणून निरोप आला आहे. जा."

"तुमच्या जागी?"

"तुझ्या जागी," कालिंदीबाई म्हणाल्या. "आणि पाळण्याशी बसशील तेव्हा हळू वाजव. तुझा अंगठा अजून जड पडतो."

रिपुंजय वीणा खांद्यावर घेऊन भर दुपारी बाजारातून निघाला. पूर्वी याच रस्त्याने तो धनुष्य घेऊन जात असे. आता चाचपडत चालला होता. लोक थांबून बघत होते, हे त्याला पावलांच्या आवाजावरून कळत होते. कान तापले. आयुष्यभर प्रत्येक वेळी वीणा मांडीवर घेताना ते तापत राहिले, पुढे लांबलांबच्या गावांहून त्याला बोलावणी येऊ लागली तरी, आणि त्याच्या ओसरीवर शिकायला येणाऱ्यांत पिकल्या केसांची माणसेही असत तरी. पण त्या दिवशी हे काही त्याला ठाऊक नव्हते. कोळीवाड्यात एका अंगणात पाळणा टांगला होता आणि पोर जीव खाऊन रडत होते. बायका बाजूला सरल्या. कुणीतरी त्याला पाट दिला. त्याने पहिला सूर लावला, तो चुकला.

"थांबा हं," रिपुंजय म्हणाला, आणि पुन्हा सुरुवात केली.

त्या राज्यात सांज पुन्हा ज्याच्या त्याच्या घरी बिनघोर उतरू लागली. ऐकणाऱ्या सगळ्यांच्या घरी ती तशीच उतरो.